महाराष्ट्रातील गांडुळे

गांडूळ हा वलयी प्राण्यांच्या संघातील, ओलसर मातीत राहणारा उभयलिंगी अपृष्ठवंशी प्राणी आहे. ‘गांडूळ’ हे एकाच जातीचे नाव नाही. जगात गांडुळांच्या साडेपाच हजारांहून अधिक जातींचे वर्णन झाले असून त्यांपैकी चारशेहून अधिक जाती भारतात आढळतात. महाराष्ट्रातील गांडुळांचे स्थूलमानाने दोन गट पडतात. सह्याद्री, कोकण आणि पठारी प्रदेशात मुळापासून राहणाऱ्या स्थानिक जातींचा पहिला गट, आणि माती, रोपे, खत व व्यापार यांच्यामार्फत माणसाबरोबर पसरलेल्या प्रवासी जातींचा दुसरा. मुंबई उपनगर जिल्ह्यात हे दोन्ही गट थोड्या अंतरावर आढळू शकतात. बोरिवली ते मुलुंड या पट्ट्यातील डोंगरांवर न खणलेली वनमृदा आहे, तर अंधेरी, घाटकोपरसारख्या दाट वस्तीत बागा, कुंड्या आणि खतपेट्यांमधील माती बहुतेक बाहेरून आणलेली असते.

या लेखात ‘जाती’ हा शब्द स्पीशीज या अर्थाने आणि ‘प्रजाती’ हा शब्द जीनस या अर्थाने वापरला आहे.

नावे

मराठीत गांडुळाला प्रदेशपरत्वे काडू, दानवे, शिदोड, केचळ, वाळे अशी नावे आहेत. संस्कृतात गंडूपद, किंचुलक आणि भूनाग ही नावे आढळतात. यांपैकी ‘वाळा’ हे नाव एका बिनविषारी, आंधळ्या, बारीक सापालाही दिले जाते. पावसाळ्यात तळमजल्यावरील न्हाणीघरात किंवा कुंडीखाली दिसणारा हा साप अनेकदा गांडूळ समजला जातो. त्याच्या अंगावर चकचकीत खवले असतात, शरीरावर वलये नसतात आणि तो वारंवार जीभ बाहेर काढतो. ‘देवगांडूळ’ हा प्राणीही गांडूळ नाही. तो बेडकांच्या वर्गातील, म्हणजे उभयचर आहे. त्याला जबडा, दात आणि पाठीचा कणा असतो आणि गांडूळ हेच त्याचे एक प्रमुख खाद्य आहे.

वर्गीकरण

गांडुळांचा समावेश ॲनेलिडा संघातील क्लायटेलाटा वर्गाच्या ऑलिगोकीटा म्हणजे अल्परोमी या उपवर्गात होतो. जुन्या पुस्तकांत अल्परोमी हा स्वतंत्र वर्ग मानलेला आहे. बहुतेक गांडुळे क्रासिक्लायटेलाटा या गणात मोडतात. त्यांची पर्याणिका, म्हणजे प्रौढ गांडुळाच्या पुढील भागात दिसणारे खोगिरासारखे जाड वलय, पेशींच्या अनेक थरांचे बनलेले असते. ज्यांची पर्याणिका पेशींच्या एकाच थराची असते, अशी गांडुळे मोनिलिगॅस्ट्रिडा या वेगळ्या गणात ठेवली जातात.

महाराष्ट्राच्या दृष्टीने पुढील कुले महत्त्वाची आहेत :

• मेगॅस्कोलेसिडी : लॅम्पिटो, मेगॅस्कोलेक्स, पेरिओनिक्स, मेटाफायर, ॲमिंथास, पॉलिफेरेटिमा या प्रजाती. शालेय प्रयोगशाळांतील परिचित गांडूळ याच कुलातील आहे.
• ऑक्टोकीटिडी : ऑक्टोकीटोना, होप्लोकीटेला इत्यादी प्रजाती. भारतीय द्वीपकल्पात या कुलाचे मोठे वैविध्य आहे. काही संशोधक याला स्वतंत्र कुल न मानता जवळच्या कुलात समाविष्ट करतात.
• मोनिलिगॅस्ट्रिडी : ड्राविडा व मोनिलिगॅस्टर या प्रजाती. या कुलाचे क्षेत्र दक्षिण भारतापासून आग्नेय व पूर्व आशियापर्यंत पसरले आहे.
• ऱ्हायनोड्रिलिडी : मूळ दक्षिण अमेरिकेतील कुल. भारतात पसरलेली पॉन्टोस्कोलेक्स ही प्रजाती यात मोडते.
• युड्रिलिडी : मूळ आफ्रिकेतील कुल. खतासाठी पाळले जाणारे युड्रिलस यात येते.
• लुम्ब्रिसिडी : मूळ युरोप व उत्तर गोलार्धातील समशीतोष्ण प्रदेशातील कुल. खतासाठी प्रसिद्ध असलेले आयसेनिया यात येते.

जाती ओळखण्याची लक्षणे

गांडुळाचा रंग आणि लांबी वय, ओलावा व खाल्लेली माती यांनुसार बदलते. त्यामुळे केवळ बाह्य रूपावरून जाती ठरवता येत नाही. निश्चितीसाठी पर्याणिका कितव्या खंडापासून कितव्या खंडापर्यंत आहे, जननरंध्रे कोठे आहेत, प्रत्येक खंडावरील दृढरोमांची मांडणी कशी आहे, तसेच पेषणी, शुक्रग्राहिका, पुरःस्थ ग्रंथी आणि वृक्कके यांची रचना कशी आहे हे तपासावे लागते. पिल्लांना पर्याणिका नसल्याने त्यांची ओळख विशेष कठीण असते.

पाठ्यपुस्तकांतील फेरेटिमा पॉस्थ्युमा या गांडुळाचे सध्याचे मान्य नाव मेटाफायर पॉस्थ्युमा असे आहे. याची पर्याणिका १४ ते १६ या तीन खंडांना पूर्ण वेढते, नर जननरंध्रे १८व्या खंडावर असतात आणि १७व्या व १९व्या खंडांवर जननचिन्हांची एकेक जोडी असते. याचे दृढरोम प्रत्येक खंडाभोवती कड्यासारखे असतात. आयसेनिया फेटिडामध्ये मात्र प्रत्येक खंडावर दृढरोमांच्या केवळ चार जोड्या असतात आणि पर्याणिका बरीच मागे, साधारण २४व्या ते ३२व्या खंडांदरम्यान असते. ड्राविडा प्रजातीत नर जननरंध्रे १०व्या व ११व्या खंडांमधील खाचेत उघडतात आणि एकाहून अधिक पेषण्या असतात. बाह्यतः सारख्या दिसणाऱ्या जाती वेगळ्या करण्यासाठी अलीकडे डीएनए अनुक्रमांचाही उपयोग केला जातो.

राहण्याच्या सवयीनुसार गट

फ्रेंच मृदाशास्त्रज्ञ मार्सेल बूशे यांनी १९७०च्या दशकात मांडलेली तीन गटांची विभागणी आजही वापरली जाते.

• पृष्ठवासी गांडुळे पालापाचोळा, शेण व कुजणाऱ्या पदार्थांत राहतात. ती आकाराने लहान, गडद रंगाची आणि लवकर वाढणारी असतात. खतनिर्मितीसाठी हीच उपयोगी पडतात.
• मातीतच राहणारी गांडुळे फिकट रंगाची असून आडवी बिळे करतात आणि सेंद्रिय द्रव्य मिसळलेली माती खातात.
• खोल बिळे करणारी गांडुळे उभ्या बिळांत राहतात व रात्री वर येऊन पाचोळा आत ओढून नेतात.

खतपेटीतील पृष्ठवासी जाती शेतात किंवा बागेच्या उघड्या मातीत सोडल्यास त्यांना तेथे पुरेसे अन्न व ओलावा मिळत नाही आणि त्या सहसा टिकत नाहीत. मातीतील बिळे करण्याचे व माती उलथवण्याचे काम दुसऱ्या दोन गटांतील गांडुळेच करतात.

अभ्यासाचा इतिहास

कार्ल लिनिअस यांनी १७५८ मध्ये लुम्ब्रिकस टेरेस्ट्रिस या युरोपीय गांडुळाला शास्त्रीय नाव दिले. चार्ल्स डार्विन यांनी १८८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात गांडुळांमुळे सुपीक मातीचा थर कसा तयार होतो हे निरीक्षणे व मोजमापांच्या आधारे दाखवले. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी दरवर्षी दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाते, असा त्यांचा अंदाज होता. या ग्रंथात कोलकाता व निलगिरी येथील गांडुळांच्या विष्ठेच्या पुंजक्यांचेही वर्णन आहे.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ मध्ये मुंबईत झाली. तिच्या नियतकालिकात १८९८ मध्ये एस. एम. फेडार्ब यांनी भारतातील गांडुळांवर लेख लिहिला. मेगॅस्कोलेक्स कोंकणेन्सिस ही कोकणाचे नाव धारण करणारी जाती त्यांनीच वर्णिली. हॅम्बुर्गचे विल्हेल्म मिकाएल्सेन यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी भारतीय गांडुळांचा विस्तृत अभ्यास केला. जॉन स्टीफनसन यांचा ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ मालिकेतील अल्परोमी प्राण्यांवरील खंड १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो दीर्घकाळ प्रमाणग्रंथ राहिला. कर्मनारायण बहल यांनी १९२६ मध्ये फेरेटिमावर लिहिलेल्या पुस्तिकेमुळे हे गांडूळ भारतभरच्या प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमात स्थिरावले. १९७२ मध्ये सिम्स व ईस्टन यांनी फेरेटिमा या अतिविस्तृत प्रजातीची फोड करून तिच्यातील जाती मेटाफायर, ॲमिंथास इत्यादी प्रजातींत विभागल्या. जे. एम. जुल्का यांचा ऑक्टोकीटिडी कुलावरील ग्रंथ भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेने १९८८ मध्ये प्रकाशित केला.

वितरण

जागतिक पार्श्वभूमी

गांडूळ समुद्र ओलांडू शकत नाही आणि कोरड्या प्रदेशातूनही त्याला सहज जाता येत नाही. त्यामुळे त्याच्या मूळ कुलांचे वितरण भूखंडांच्या इतिहासाशी जोडलेले आहे. भारत, मादागास्कर, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथील काही कुलांतील नाते गोंडवन या प्राचीन महाखंडाकडे निर्देश करते. आल्फ्रेड वेगेनर यांनी खंडविप्लवाच्या सिद्धांतासाठी दिलेल्या पुराव्यांत मिकाएल्सेन यांनी नोंदवलेल्या गांडुळांच्या वितरणाचाही समावेश होता.

२०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५७ देशांतील ६,९२८ ठिकाणांची माहिती एकत्र करण्यात आली. एका ठिकाणी आढळणाऱ्या जातींची संख्या उष्ण कटिबंधापेक्षा समशीतोष्ण प्रदेशात अधिक असते आणि गांडुळांच्या वितरणावर मातीच्या गुणधर्मांपेक्षा हवामानाचा प्रभाव जास्त असतो, असे त्यात दिसून आले. मात्र उष्ण कटिबंधात एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना जाती झपाट्याने बदलू शकतात. म्हणून एका जागी जाती थोड्या दिसल्या, तरी संपूर्ण प्रदेशाची विविधता मोठी असू शकते.

भारत

भारतातील बहुसंख्य गांडुळे प्रदेशनिष्ठ आहेत, म्हणजे ती जगात अन्यत्र नैसर्गिकरीत्या आढळत नाहीत. पश्चिम घाट आणि पूर्व हिमालयासह ईशान्य भारत ही विविधतेची दोन प्रमुख केंद्रे आहेत. दक्षिणेकडील निलगिरी व केरळच्या डोंगरांत ड्राविडा प्रजातीतील काही जाती सुमारे एक मीटर लांब वाढतात.

सह्याद्री आणि कोकण

महाराष्ट्राचा बहुतांश भाग दख्खनच्या लाव्ह्याच्या खडकांनी बनला असून हे उद्रेक सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. लाव्हा थंड होऊन त्यावर माती तयार झाल्यानंतरच गांडुळांना येथे वस्ती करता आली असली पाहिजे. दक्षिण सिंधुदुर्ग आणि पूर्व विदर्भातील काही भाग मात्र लाव्ह्याच्या आवरणाबाहेर असून तेथील खडक अधिक प्राचीन आहेत.

सह्याद्रीच्या जंगलांत होप्लोकीटेला, ड्राविडा, मेगॅस्कोलेक्स इत्यादी प्रजातींतील स्थानिक गांडुळे आढळतात. ती प्रामुख्याने जून ते ऑक्टोबर या काळात मातीच्या वरच्या थरात दिसतात. पाऊस संपून माती कोरडी होऊ लागली की अनेक जाती खोल जातात. तेथे त्या श्लेष्माचे अस्तर असलेल्या लहान कप्प्यात वेटोळे करून निष्क्रिय राहतात आणि पुढील पावसाळ्यात पुन्हा सक्रिय होतात. जांभ्या खडकाच्या सड्यांवर मातीचा थर पातळ असल्याने तेथे गांडुळांना मर्यादित जागा मिळते. ज्या देवरायांमध्ये पाचोळा उचलला जात नाही आणि जमीन नांगरली जात नाही, त्या पाचोळ्यात व वनमृदेत राहणाऱ्या जातींसाठी अनुकूल ठरतात.

पठारी प्रदेश आणि विदर्भ

पठारावरील काळी माती उन्हाळ्यात आक्रसून तिला खोल भेगा पडतात व ओलावा लवकर नाहीसा होतो. अशा जमिनीत दुष्काळ सहन करणाऱ्या जाती टिकतात. लॅम्पिटो मॉरिटी हे त्यांचे प्रमुख उदाहरण होय. बागायती व उसाच्या क्षेत्रात वर्षभर ओलावा राहिल्याने मेटाफायर पॉस्थ्युमासारख्या ओलसर जमिनीतील जातींना वाव मिळतो.

मुंबई उपनगर जिल्हा

अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे तालुके मिळून १९९० मध्ये स्थापन झालेला मुंबई उपनगर जिल्हा मुख्यतः साष्टी बेटावर वसला आहे. मुलुंड व घाटकोपर ही उपनगरे कुर्ला तालुक्यात येतात. येथे पाऊस भरपूर पडतो, परंतु तो मुख्यतः चार महिन्यांत पडत असल्याने गांडुळांच्या हालचालींचे चक्र कोकणासारखेच असते. मातीच्या इतिहासानुसार जिल्ह्यात चार प्रकारचे अधिवास दिसतात.

डोंगरी जंगल : बोरिवलीपासून मुलुंड व ठाण्यापर्यंत पसरलेले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटर क्षेत्राचे आहे. तुळशी व विहार हे तलावही याच परिसरात आहेत. येथील पानझडी जंगलात दरवर्षी साचणारा पाचोळा आणि न खणलेली माती स्थानिक जातींना आवश्यक असते. अशी माती एकदा उकरून काढली की वर झाडे लावली तरी तिचे थर पूर्ववत होण्यास दीर्घ काळ लागतो.

गवताळ व गोठ्यांचा परिसर : गोरेगावची आरे दुग्ध वसाहत १९४९ मध्ये स्थापन झाली. गोठे, गवत आणि शेणाचे ढीग हा पेरिओनिक्ससारख्या पृष्ठवासी गांडुळांचा आवडता अधिवास असतो.

बागा, कुंड्या व रोपवाटिका : इमारतींच्या आवारातील बागांसाठी लागणारी तांबडी माती बहुधा शहराबाहेरून ट्रकने येते. गांडुळे स्वतः वर्षभरात काही मीटरच पसरतात, परंतु मातीतील त्यांचे अंडी असलेले कोश रोपांबरोबर शेकडो किलोमीटर प्रवास करतात. प्रवासी जातींचा शहरी प्रसार मुख्यतः याच मार्गाने होतो.

खाडीकिनारा : ठाणे, मालाड व गोराई येथील खाड्यांच्या काठी खारफुटीची क्षारयुक्त माती आहे. बहुतेक गांडुळे तेथे जगू शकत नाहीत. पॉन्टोड्रिलस लिटोरॅलिस ही जाती याला अपवाद आहे. उष्ण प्रदेशांतील समुद्रकिनाऱ्यांवर ती जगभर पसरली असून भारताच्या किनारपट्टीवरही आढळते.

जोरदार पावसानंतर गांडुळे रस्त्यांवर व आवारांत आलेली दिसतात. बिळांत पाणी भरल्याने ती बुडू नयेत म्हणून बाहेर येतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गांडूळ त्वचेद्वारे श्वसन करते आणि प्राणवायू विरघळलेल्या पाण्यात काही काळ जगू शकते. त्यामुळे पाण्यातील प्राणवायू कमी होणे, पावसाच्या थेंबांची कंपने आणि ओल्या पृष्ठभागावरून नव्या जागी जाण्याची संधी अशी अनेक कारणे सुचवली जातात. काँक्रीट किंवा फरसबंदीवर आलेल्या गांडुळाला पुन्हा मातीत शिरता येत नाही आणि ऊन पडताच ते सुकून मरते.

प्रमुख प्रवासी व सर्वत्र आढळणाऱ्या जाती

• लॅम्पिटो मॉरिटी : किनबर्ग यांनी १८६०च्या दशकात वर्णिलेली जाती. नाव मॉरिशसवरून पडले असले, तरी ही भारतीय द्वीपकल्पात सर्वाधिक पसरलेल्या जातींपैकी एक आहे.
• मेटाफायर पॉस्थ्युमा : मूळ आग्नेय आशियातील. बागा, हिरवळी व बागायती शेतांत आढळते.
• पॉलिफेरेटिमा इलाँगाटा : आग्नेय आशियातून पसरलेले लांब गांडूळ. चिकण व ओलसर मातीत खोलवर राहते.
• पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस : आशियाई जाती. पाठीवर जांभळट गडद रंग असतो व स्पर्श होताच ते जोरात वळवळते. शेण व कुजलेल्या पाचोळ्यात राहते.
• डायकोगॅस्टर बोलाउई : लहान आकाराची, मूळ आफ्रिकेतील समजली जाणारी जाती. सांडपाण्याच्या वाटांजवळ व ओलसर कचऱ्यातही वाढते.
• पॉन्टोस्कोलेक्स कोरेथ्रुरस : मूळ दक्षिण अमेरिकेतील. शेपटाकडील दृढरोमांची मांडणी ब्रशसारखी दिसते. अनिषेकजननाने पुनरुत्पादन होत असल्याने एकाच गांडुळापासून नवी वसाहत उभी राहू शकते. जंगल तोडलेल्या व मळ्यांच्या जमिनीत ही जाती वेगाने पसरते.

गांडूळखत

खतनिर्मितीसाठी महाराष्ट्रात मुख्यतः युरोपातील आयसेनिया फेटिडा, आफ्रिकेतील युड्रिलस युजेनी आणि आशियाई पेरिओनिक्स एक्सकॅव्हेटस या तीन जाती वापरल्या जातात. तिन्ही पृष्ठवासी असून ओला कचरा अंशतः कुजल्यानंतर खातात. थेट ऊन, मुंग्या, साचलेले पाणी आणि खारट, तेलकट किंवा आंबट पदार्थ त्यांना मानवत नाहीत.

मुंबईत बृहन्मुंबई महानगरपालिकेने १९९७ मध्ये सुरू केलेल्या प्रगत परिसर व्यवस्थापन योजनेत नागरिकांनी कचऱ्याचे वर्गीकरण करून जागेवरच खत करण्यावर भर होता. घाटकोपर पूर्वेतील जोशी लेन हे या उपक्रमाच्या सुरुवातीच्या ठिकाणांपैकी एक होते. २०१७ मध्ये महानगरपालिकेने २० हजार चौरस मीटरहून मोठ्या किंवा दररोज १०० किलोहून अधिक कचरा निर्माण करणाऱ्या गृहसंकुलांना व आस्थापनांना ओल्या कचऱ्याची विल्हेवाट आवारातच लावण्यास सांगितले. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पद्धतींत गांडूळखताचाही समावेश होतो.

गांडूळखत प्रकल्पामुळे कचरा कमी होतो आणि खत मिळते, परंतु स्थानिक गांडुळांचे संवर्धन होत नाही. खतपेटीतील जातींची संख्या वाढली, म्हणून जंगलातील किंवा शेतातील जाती सुरक्षित आहेत असे म्हणता येत नाही.

परिसंस्थेतील स्थान

गांडुळांच्या बिळांमुळे पावसाचे पाणी जमिनीत मुरते, मुळांना हवा मिळते आणि पाचोळ्यातील अन्नद्रव्ये मातीत मिसळतात. नवरंग, दयाळ, भारद्वाज इत्यादी पक्षी, देवगांडूळ आणि सह्याद्रीतील खापरखवल्या साप गांडुळे खातात. हातोडीसारखे डोके असलेले बायपेलियम हे चपटकृमीही गांडुळांवर जगतात आणि कुंड्यांमधील मातीबरोबर त्यांचाही प्रसार होतो. गळाने मासे पकडणारे लोक काडू आमिष म्हणून वापरतात. आयसेनिया फेटिडाचा उपयोग रसायनांची विषारिता तपासण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाण चाचण्यांमध्येही होतो.

धोके आणि संवर्धन

जंगलतोड, डोंगरउतारावरील खोदकाम, वरच्या मातीचा उपसा, वणवे, पाचोळा जाळणे आणि कार्बोफ्युरानसारखी कीटकनाशके हे गांडुळांना असलेले प्रमुख धोके आहेत. शहरात झाडांच्या बुंध्यापर्यंत केलेली फरसबंदी मातीचे उरलेले तुकडे एकमेकांपासून तोडते. एखाद्या ठिकाणची मूळ माती बदलली गेली की तेथे बहुधा प्रवासी जाती स्थिरावतात. गांडुळांची एकूण संख्या फारशी कमी झालेली दिसत नाही, मात्र जातींची विविधता घटते. प्रदेशनिष्ठ जातींचे क्षेत्र अनेकदा लहान असते. त्यामुळे एका डोंगराची माती नष्ट होणे म्हणजे एखाद्या जातीचा मोठा हिस्सा नष्ट होणे ठरू शकते.

संवर्धनाचे उपाय साधे आहेत. पाचोळा न जाळता झाडाखाली राहू देणे, बुंध्याभोवती मोकळी माती ठेवणे, जंगलालगत बाहेरची माती व खतपेटीतील गांडुळे न सोडणे आणि वनमृदेचे थर न उकरणे हे त्यांतील प्रमुख होत.

हेही पहा

• गांडूळखत
• पश्चिम घाट
• संजय गांधी राष्ट्रीय उद्यान
• आरे दुग्ध वसाहत
• देवराई
• मृदा